अळूतील शंकर

आमचे घर जळगावास मेहरूण तलावाच्या बाजूस आहे. घर बेताचेच, परस मात्र ऐसपैस. मागे एक जुना कडुनिंब, पेरूची दोन झाडे, विटांची पडकी भिंत, आणि मोरीचे पाणी जेथे जाऊन मुरते तेथे केळीची चार खुंटे व अळूचे एक दाट बेट होते. "होते" हा शब्द मी समजून उमजून लिहिला आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व नाना म्हणतो, त्यांचे सारे आयुष्य अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी शेती करण्यात गेले. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात व पाय गेला, तेव्हा त्यांना आमच्याकडे आणावे लागले. ज्या मनुष्याने सत्तर वर्षे क्षितिजापर्यंत रान पाहिले, त्याच्या वाट्यास एक खिडकी आली. आम्ही त्यांची खाट मागच्या पडवीत त्या खिडकीशी मांडली. पहिले कित्येक दिवस ते भिंतीकडेच तोंड करून पडत. मग ऑक्टोबर महिन्यात एके सकाळी त्यांनी डाव्या हाताने मला खूण केली व विचारले, "हाऊ कोन शे?" पडक्या भिंतीवर चिमणीएवढा एक पक्षी बसला होता, अंगाने काळसर, पोटाखाली विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरत असलेली. मला त्याचे नाव सांगता आले नाही. मुलाच्या पुस्तकात पाहून संध्याकाळी सांगितले की, हा थिरथिरा. मध्य आशिया व हिमालयाकडील उंच प्रदेशांत याची वीण होते आणि हिवाळा काढण्यास तो आपल्याकडे येतो. नाना म्हणाले की, असली पाखरे बांधावर जन्मभर पाहिली, परंतु ती कोठून येतात हे विचारण्यास सवड झाली नाही.

छायाचित्रणाचा नाद मला तेथून लागला. नानांची दृष्टी मंद झालेली. दूरचा पक्षी त्यांना ठिपक्यासारखा दिसे. तेव्हा त्याचे चित्र काढून, मोठे करून त्यांच्या हाती द्यावे, एवढाच हेतू होता. जुन्या बाजारातून एक कॅमेरा व लांब पल्ल्याचे भिंग घेतले. घरातून त्या खर्चाविषयी जे ऐकावे लागले ते येथे सांगत नाही.

थिरथिऱ्याचे चित्र काढणे सोपे, कारण तो भित्रा नाही. आणि अवघड, कारण तो क्षणभर स्वस्थ नाही. सकाळच्या कोवळ्या उजेडात शटर मंद ठेवावे तर डोके स्पष्ट येई आणि शेपटीच्या जागी एक तांबूस धूर उठल्यासारखा दिसे. अशी चाळीस-पन्नास चित्रे वाया गेली. मग ऊन चढू दिले, शटरचा वेग सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत नेला, आणि एकदाचे असे चित्र मिळाले की, शेपटीचे पीस न् पीस मोजून घ्यावे. मोठ्या ऐटीने ते नानांपुढे धरले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले व म्हणाले, "हा पेंढा भरून ठेवल्यासारखा दिसतो. शेपटी कोठे हलते?" मी चिडून वाया गेलेल्यांपैकी एक दाखवले. तेच त्यांनी उशाशी ठेवून घेतले. ज्याचे नावच थरथरण्यावरून पडले, त्याची थरथर नाहीशी करून मी काय मिळवले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. स्पष्ट चित्र हेच खरे चित्र असा माझा समज होता.

पुढे आम्हा दोघांना तो एक उद्योगच झाला. मी कामावरून येताच नाना दिवसाचा हिशेब देत: अमुक वेळी धोबी आला, निंबात वटवट्या किरकिरत होता. कोणता पाहुणा कोणत्या तारखेस प्रथम आला हे ते मला दिनदर्शिकेच्या मागे लिहावयास लावीत. धुळ्यास देवपुरात माझी बहीण राहते; तिच्याकडेही निरोप जाई की, तुमच्याकडे धोबी उतरले का? ती बिचारी गच्चीवर जाऊन पाहून येई.

भोरड्यांविषयी मात्र नानांचे मत शेवटपर्यंत पालटले नाही. भोरडी, म्हणजे पळसमैना, जुलै-ऑगस्टपासून आपल्या देशात उतरू लागते आणि एप्रिलपर्यंत राहते. तिचे माहेर पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ मैदानांत आहे. पळस व काटेसावर फुलली की मध पिण्यास तिचे थवे लोटतात. पण त्याआधी ज्वारी दाण्यात आलेली असते, आणि तेथेच वैर जडते. नाना आठ वर्षांचे असल्यापासून शेतातील माळ्यावर गोफण घेऊन बसत. थवा उतरला की आभाळातून जणू चादर पडे आणि उठला की कणसांची बोंडे तेवढी उरत. मी त्यांना सांगितले की, हाच पक्षी विणीच्या काळात टोळ व नाकतोडे फस्त करतो. चीनमधील सिंक्यांग प्रांतात तर त्याने घरटी करावीत म्हणून माणसे मुद्दाम दगडांचे ढीग रचतात. नाना हसले. "टोळ त्यांचे खातो आणि ज्वारी माझी. त्यांनी ढीग रचावेत. मी गोफण खाली ठेवली नसती." यावर मला काही उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

रानपिंगळ्याची गोष्ट त्यांना फार आवडे. तो काही स्थलांतर करणारा पक्षी नव्हे, आपल्या सातपुड्याचाच रहिवासी. पण त्याची हकीकत खानदेशाशी बांधलेली आहे म्हणून मी ती त्यांना सांगितली होती. 1873 साली या लहानशा घुबडास शास्त्रात नाव मिळाले. खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन नामक अधिकाऱ्याने इकडील काही नमुने जमविले. 1884 नंतर मात्र तो कोणास खात्रीने आढळला नाही. पुढे माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 साली तापीकाठच्या मांडवी येथे आपण एक मारला असे सांगून त्याचा नमुना दाखविला, आणि शोध करणारे त्या नोंदीवर विसंबून फिरत राहिले. पामेला रासमुसेन या विदुषीने तपास केला, तेव्हा उघडकीस आले की तो नमुना डेव्हिडसनचाच. संग्रहालयातून चोरलेला, नव्याने पेंढा भरून चिठ्ठी बदललेला. ती खोटी नोंद बाजूस सारून तिने व तिच्या सोबत्यांनी जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग घेतला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा उघड्या फांदीवर बसलेला सापडला. एकशेतेरा वर्षांनी! त्याची छायाचित्रे घेतली गेली आणि जगाची खात्री पटली. नाना म्हणत, "पाखरू इथेच होते, चिठ्ठीने फिरवले."

आता शंकराची गोष्ट. दुसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरात, तो प्रथम नानांनीच पाहिला. अळूच्या देठांमधून एक तपकिरी पक्षी ओल्या मातीवर तुरुतुरु धावे, क्षणभर ताठ उभा राही आणि गळ्यावरचा निळा रंग चमकवून पुन्हा आत शिरे. त्या निळ्या गळ्यामुळेच त्यास शंकर म्हणतात. युरोप-आशियाच्या अगदी उत्तरेकडील भागांतही याची वीण होते, आणि तो येऊन उतरला आमच्या मोरीच्या पाण्यावर. नाना तीन आठवडे दुसरे काही बोलत नव्हते. परंतु माझ्या भिंगास तो सापडेना. दरवेळी एखादे पान आड येई. निळा गळा आला तर डोळा झाकलेला, डोळा आला तर गळा नाही.

एका रविवारी नाना दुपारी झोपले असता मी विळा घेऊन अळूचे अर्ध्याहून अधिक बेट कापून काढले. पाने स्वयंपाकघरात दिली. वडी उत्तम झाली होती. दुसऱ्या दिवशी उघड्या पडलेल्या मातीवर भिंग रोखून मी पहाटेपासून बसलो. शंकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुन्हा आलाच नाही. जो पक्षी आडोशाच्या आधारानेच जगतो, त्याचा आडोसा मी त्याला नीट पाहता यावे म्हणून काढून टाकला होता. नाना मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खिडकीकडे पाहणे काही दिवस सोडले.

पुढील हिवाळ्यात मी कामावरून आलो की, ते इतकेच विचारीत, "उना का?" मी नाही म्हणे. लहान पक्षीही पुष्कळदा वर्षानुवर्षे हिवाळ्याकरिता त्याच जागी परततात, हे पायात कडी घालून केलेल्या अभ्यासावरून ठाऊक झाले आहे. त्यामुळे त्यांची आशा वेडी नव्हती. आणि त्यामुळेच ती मला सोसवेना.

जानेवारीत मी हतनूर धरणावर गेलो. चांगदेवाजवळ तापी व पूर्णा यांचा संगम होतो, त्याच्या आसपास धरणाचे पाणी पसरलेले आहे. चक्रवाक, थापट्या, तलवार बदके, सारे पाणी पक्ष्यांनी भरलेले. मी त्यांपैकी कशाकडेही पाहिले नाही. काठच्या चिखलात एक शंकर होता. दोन तास पोटावर पडून राहिलो तेव्हा तो मोकळ्या जागी आला. निळा गळा, खालचा तांबूस पट्टा, डोळ्यातील ठिणगी, सारे लखलखीत. घरी येऊन चित्र मोठे करून घेतले आणि नानांच्या हाती देऊन म्हणालो, "आज सकाळी आला होता. आपल्या अळूत."

नानांनी चित्र खिडकीच्या उजेडाकडे वळवले. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. पक्ष्याकडे ते पाहत नव्हतेच. त्याच्या मागे अंधुक झालेल्या हिरव्या-पिवळ्या रेघांवर त्यांचा अंगठा फिरत होता.

"हाई आपलं आळू नही शे," ते म्हणाले. "हे पाणकणीस आहे. धरणाचे." मग थोडे थांबून, मुळीच न रागावता, "त्या साहेबनी चिठ्ठी का?"

मी मान खाली घातली. त्यांनी चित्र परत दिले नाही. लेखणी आणावयास सांगितली आणि मागच्या बाजूस माझ्याकडून लिहवून घेतले: हतनूर धरण, आणि त्या दिवसाची खरी तारीख. मग ते थिरथिऱ्याच्या त्या धूसर चित्राशेजारी ठेवले.

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांकडून अळूचे कंद आणून मी मोरीपाशी लावले. यंदा थिरथिरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच आला. दिनदर्शिकेच्या मागे नोंद आहे. अळू गुडघ्याच्या वर गेले आहे आणि वड्यांसाठी त्यातील एक पानही तोडावयाचे नाही असा घरात नियम झाला आहे. शंकर अद्याप आलेला नाही. डिसेंबर लागावयास अजून अवकाश आहे.