तांबड्या कड्यांमधून

लंडनहून लिव्हरपूलला येणारी गाडी शेवटच्या मैलभरात जमिनीत उतरते. एज हिल मागे पडलं की दोन्ही बाजूंना तांबड्या दगडाचे उभे कडे, मध्येच पूल, मध्येच अंधार, आणि मग लाइम स्ट्रीट स्टेशन. लोक बॅगा काढायला उठतात. मला खिडकी सोडवत नाही.

1836 साली स्टेशन सुरू झालं तेव्हा इथे बोगदा होता. गाड्या वाढल्या, म्हणून 1880 च्या दशकात तो बराचसा वरून फोडून रुंद केला आणि शहराच्या पोटातला खडक उजेडात आला. हा वालुकाश्म सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीचा. सिग्नलला गाडी थांबली की नीट बघता येतं: आडव्या थरांच्या आत तिरक्या रेषा, मधूनच गोटे, पाणी झिरपतं तिथे नेचे. रखरखीत मुलखातली नदी वाळू ढकलत गेली, तिचा उतार त्या तिरक्या रेषांत राहिला. पाणी कुठे वाहत होतं तेही त्यांवरून कळतं. इथलं अँग्लिकन कॅथीड्रलही वूल्टनच्या खाणीतल्या अशाच दगडाचं.

आम्हा संकेश्वरकरांची रेल्वे म्हणजे घटप्रभा नाहीतर बेळगाव. दगड मात्र ओळखीचा. आमचा काळा कातळ मागे टाकून गोकाकच्या धबधब्याला गेलं की तिथेही तांबूस थरांचा कडा दिसतो, पण तो शंभर कोटी वर्षांहून जुना, आणि नदीने कापलेला. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1876 च्या ग्रंथात तो खडक नोंदवला, तेव्हा त्या भागात रेल्वे यायची होती.

रेल्वेने डोंगर उघडा केला तो बोरघाटात, 1856 ते 1863. पंचवीस बोगदे, ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर, वर पटकीची साथ. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारले, काम त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी पुढे नेलं. सुरुंगांनी लाव्हाचे थर मोकळे झाले, पोकळ्यांतले झिओलाइटचे स्फटिक पार लंडनच्या संग्रहालयात पोचले. मला मात्र स्फटिकांहून दोन थरांमधला तांबडा मातीचा पट्टा मोलाचा वाटतो. एक लाव्हा निवला, त्याची माती व्हायला लागली, मग दुसरा आला. मधल्या त्या काळाची हीच खूण.

दरडी कोसळतात म्हणून घाटातल्या कड्यांवर जाळ्या लागतात, त्या हव्यातच. पण खंडाळ्याच्या फलाटावर एक ठळक मराठी फलक लावा: हा थर कसला, किती जुना, आणि तो कोणी फोडला. त्यात मजुरांचा उल्लेख सगळ्यांत वर असू दे.