वयाबरोबर चढणारा मल्लखांब

मल्लखांब मुळात कुस्तीगिरांच्या सरावाचे साधन. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. पुढे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) अशा संस्थांमधून तो शाळकरी मुलांपर्यंत पोहोचला. मुलाचे शरीर व्यायामाला वयापरत्वे कसा प्रतिसाद देते, हे एरंडेल चोळलेल्या या खांबावर स्पष्ट दिसते.

सहा-सात वर्षांच्या मुलाची सुरुवात गादीवर होते. कोलांट्या आणि सूर्यनमस्कार अंगवळणी पडले की पायांनी खांब आवळून धरण्याची अढी येते. काही महिन्यांत तेच मूल खांबावर सफाईने उलटे होते, पण त्याचे दंड मात्र पूर्वीइतकेच बारीक असतात. वयात येण्यापूर्वी वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. अधिक स्नायुतंतू एकाच वेळी आणि नेमके कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायू फुगवणारी संप्रेरके अजून पुरेशी नसतात. ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते, ही समजूत चुकीची आहे. इजा होते ती चुकीच्या पद्धतीने, झेपणार नाही एवढ्या भाराने किंवा जवळ जाणता वस्ताद नसल्याने.

मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची चौदाव्याच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. हाडे झपाट्याने लांबतात, स्नायू ताणले जातात आणि काल सहज जमलेली उडी आज चुकते. गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे मांडीच्या स्नायूंची शीर नडगीला चिकटते, तिथे उड्यांमुळे दुखू लागते. हा आळस नव्हे. अशा वेळी उड्या कमी कराव्यात. दोरीच्या मल्लखांबावरची आसने आणि ताण देणारे व्यायाम चालू ठेवावेत. याच वर्षांत हाडांत खनिजे भराभर साठत असतात आणि शरीराचे वजन पेलणारा व्यायाम त्यांना बळकटी देतो. मुलींचा व्यायाम बहुधा याच वयात सुटतो, तोही घरच्यांच्या संकोचापायी, हे अधिक नुकसानीचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. मल्लखांब यातली दुसरी गरज उत्तम भागवतो. दमसासासाठी मात्र धावणे, खो-खो, लंगडी हवीच.

दहावी आली की पी.टी.च्या तासाला गणित घेतले जाते आणि संध्याकाळी शिकवणी असते. सराव थांबला की दमसास काही आठवड्यांतच उतरू लागतो, ताकद थोडी सावकाश. अंगी मुरलेले कौशल्य वर्षानुवर्षे टिकते, पण हाडे भक्कम करण्याची वाढीच्या वयातली संधी प्रौढपणी तशी मिळत नाही. म्हणून परीक्षेच्या वर्षी पालकांनी व्यायामाचा तास हवा तर अर्धा करावा, बंद करू नये.