बिनफुलांची कारवी

माणगावहून पुण्याला जाताना निजामपूर, विळे मागे पडलं की ताम्हिणीचा घाट लागतो. पावसाळ्यात इथे गाड्यांची रांग असते. लोक धबधब्यापाशी उतरतात, कणीस खातात, फोटो काढतात आणि पुढे निघतात. ज्या हिरव्या उताराकडे पाठ करून हे फोटो निघतात, तिथे छातीइतकं, कुठे डोक्यावरून जाईल इतकं दाट झुडूप उभं असतं. ती कारवी. फुलं नसली की तिच्याकडे कुणी बघत नाही; बघितलंच तर “केवढं रान माजलंय” म्हणतात.

गेल्या जुलैत अम्मी आणि आठवीतला भाचा बरोबर होते. चहासाठी थांबलो तेव्हा अम्मीने गाडीत बसूनच उताराकडे बोट दाखवलं. “ही कुडाची काठी.” तिला झाडाचं फूल आठवलं नाही, भिंत आठवली. तिचं माहेर माणगाव तालुक्यातलं. लहानपणी त्यांच्या घराच्या आतल्या भिंती कुडाच्या होत्या. कारवीच्या सरळ काठ्या एकीला एक लावून उभ्या करायच्या, आडव्या पट्ट्यांनी बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा गिलावा द्यायचा. वर्षातून एकदा ईदच्या आधी सारवण. पुढे आखाताचा पैसा आला, त्यातून जांभ्याची घरं झाली, मग स्लॅब पडले. आमच्या कोकणातल्या कितीतरी मोहल्ल्यांची हीच हकीकत आहे. कूड गेला आणि त्याबरोबर कारवी ओळखणारी नजरही गेली.

भाच्याचा प्रश्न साधा होता: “फूलच नाही, तर ओळखायची कशी?” प्रश्न रास्त आहे, कारण कारवी सात वर्षं नुसती वाढते आणि साधारण आठव्या वर्षी फुलते. म्हणजे पानावरून आणि खोडावरून ओळखता आली नाही, तर तिच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यात ती अनोळखीच राहणार.

पान आधी पाहावं. वीतभर लांब, दोन्हीकडे निमुळतं, हाताला खरखरीत. पानं समोरासमोर, जोडीने येतात. कडेला करवतीसारखे दाते आणि मधल्या शिरेपासून निघून कडेकडे वळत जाणाऱ्या ठसठशीत शिरा. मग कोवळ्या फांदीवरून बोट फिरवावं, बारीक पुटकुळ्या लागतात. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा, त्यातल्या ‘कॅलोसा’चा अर्थ घट्टे पडलेली. (वर्गात फळ्यावर ‘कारवी’ लिहिलं की उर्दू माध्यमातली माझी मुलं ‘कारवाँ’ वाचतात. मी हटकत नाही. एकामागून एक डोंगर चढत जाणारी ही झुडपं कारवाँसारखीच दिसतात.) अडुळसा आणि कोरांटी तिच्याच कुळातल्या. अडुळसा बऱ्याच अंगणांत असतो, तो ओळखीचा असेल तर पानांची जोडीने येण्याची रीत लगेच लक्षात येते.

तिसरी खूण जागेची. कारवी सह्याद्रीच्या उतारावरची. भरपूर पाऊस, पण पाणी साचत नाही अशी तिरकी जमीन, वर विरळ झाडांची सावली. तिथे ती एकटी कधी नसते, अख्खी डोंगरकूस व्यापते. तिच्या मुळांनी घाटाची माती धरून ठेवलेली असते. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या काठ्या उरतात, पहिल्या पावसावर पुन्हा हिरव्या होतात.

चहाच्या टपरीशेजारी एक कातकरी मावशी भारंगी आणि कुर्डूची भाजी घेऊन बसल्या होत्या. कारवीबद्दल विचारलं, तर आधी हसल्या. “बाई, हिला जनावर तोंड लावत नाय. पण फुलली की मधमाशी सोडत नाय.” कारवीचा मध दाट आणि गडद असतो. पुढचं त्यांनी हातवारे करून सांगितलं: फुलून गेलेली कारवी बोंडं धरून वाळते, आणि पुढच्या पावसाची सर पडली की बोंडं तडतड फुटून बी लांब उडतं. सगळा डोंगर वाजतो. तोवर ती स्वतः मेलेली असते. आयुष्यात एकदाच फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. त्या बियांतून पुढची पिढी एकदमच उगवते, म्हणून अख्खा उतार एका वयाचा असतो आणि एकदम फुलतो.

मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली असा बहर आला. प्रत्येक डोंगराचं साल एकच नसतं, आणि चुकार झाडं मध्येच फुलतात. पावसाळा सरता सरता जांभळ्या-निळ्या फुलांचे तुरे येतात, चिकट आणि उग्र वासाचे. बहराच्या दिवसांत मोबाइलवर जे फोटो फिरतात, त्यांतले पुष्कळ मुन्नारच्या नीलकुरिंजीचे असतात. ती बारा वर्षांनी फुलणारी बहीण, २०१८ साली फुलली होती. दुसरी बहीण आपल्या साताऱ्याच्या कास पठारावर आहे, टोपली कारवी. ती सात वर्षांनी फुलते. ती गुडघ्याएवढी, उपड्या टोपलीसारखी गोल, उघड्या पठारावर वाढते आणि तिच्या पानांना देठ जवळजवळ नसतोच. उंच, देठाच्या पानांची आणि उतारावरची असेल, तर ती आपली कारवी.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगायचं कारण घाटात नाही, आमच्या गावामागे आहे. तिथल्या टेकडीचा एक भाग दोन वर्षांपूर्वी प्लॉटसाठी सपाट केला गेला. “नुसती झाडोरी होती” असं सगळे म्हणाले, आणि म्हणणाऱ्यांत शिकलेले लोकही होते. ती कारवी होती, फुलायच्या आधीची. बहरात लोक तुरे मोडून केसात माळतात, तेही वाईटच, पण तुरा मोडला तर एका तुऱ्याचं बी जातं. फुलण्याआधी उतार मुळासकट खरवडला, तर त्या पिढीचं बी पडतच नाही. पुढच्या पावसाळ्यात तिथली माती ओघळून खालच्या विहिरीत आली, तेव्हा विहिरीचं पाणी गढूळ का झालं यावर बैठक झाली. टेकडीवर काय होतं, हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही.

टेकडीचा उरलेला पट्टा अजून आहे. शाळेच्या मुलांनी तिथली दहा झुडपं दोऱ्या बांधून निवडली आहेत. दर ऑगस्टमध्ये त्यांची उंची मोजून वहीत लिहितात. ही कारवी शेवटची कधी फुलली, हे मुलांनी मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना विचारलं. एका आजींनी आपल्या धाकट्या लेकीच्या निकाहचं साल सांगितलं, दुसऱ्या चाचांनी त्याच्याही आधीचं. वाद अजून मिटलेला नाही. मोजणारी मुलं दहावी होऊन जातील, मग वही पुढच्या वर्गाकडे. उंची, पानं, नवे फुटवे असे रकाने आहेत. ‘फुलं’ या रकान्यात सध्या दरवर्षी एक आडवी रेघ ओढली जाते.