विसण आणि थर्मोस्टॅट

बंबातल्या कढत पाण्यात, अंगाला सोसवेल अशा बेताने, जे गार पाणी मिसळायचे त्याला मराठीत ‘विसण’ म्हणतात. विसण किती घालावे हे अंशांत कोणी सांगत नसे. ते आंघोळ करणाऱ्याचा हात ठरवीत असे. आता बंब क्वचितच दिसतात आणि हा शब्द वर्गात समजावून सांगावा लागतो. मात्र ‘सोसवेल’ हे कोणी आणि कोठे ठरवायचे, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी नव्याने उपस्थित झाला.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाची नोकरी साताऱ्यात, दुसरीची सांगलीत. त्यामुळे बिऱ्हाडे दोन. सांगलीच्या उन्हाळ्याला केवळ गारवा देणारा एसी पुरतो. साताऱ्याच्या घरी मात्र आई असतात. वय एक्क्याऐंशी, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जानेवारीची पहाट आता त्यांना सोसत नाही. म्हणून तेथे गारवा आणि ऊब दोन्ही देणारा एसी घेतला. हा खरे तर हीट पंपच. विजेची शेगडी एक युनिट विजेपासून एक युनिटच उष्णता देते. हीट पंप उष्णता निर्माण करीत बसत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. साताऱ्यासारख्या सौम्य थंडीत तो त्याच विजेत सुमारे तिप्पट ऊब देऊ शकतो.

यंत्र सुरू होताच त्यावर २४ हा आकडा उमटला. विजेच्या बचतीसाठी १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावलेले असावेत, असा आपल्याकडे नियम आहे. उन्हाळ्यात हा आकडा शहाणपणाचा. हिवाळ्यात मात्र यंत्र २४ दाखवून स्वस्थ होई आणि आई गोधडीतच असत. विचारले की म्हणत, “मला काही नको, विजेचे बिल बघा.”

यंत्र खोटे बोलत नव्हते. त्याचा तापमापक भिंतीवर, सात फूट उंचीवर. ऊबदार हवा वर चढते. छताजवळ २४ अंश भरले की यंत्राचे काम संपते. खाटेजवळ तेव्हा गारठा असतो. आकडा ३० वर नेल्याने खोली लवकर तापते, हाही समज फारसा खरा नाही. थर्मोस्टॅट हा वेग वाढविणारा खटका नव्हे. कोठे थांबायचे एवढेच तो सांगतो. म्हणून आकड्याआधी जागा ठरवावी लागते. आम्ही निवडलेल्या यंत्राच्या रिमोटमध्येच दुसरा तापमापक आहे. तो चालू करून रिमोट आईंच्या उशाशी, पांघरुणाबाहेर, यंत्राच्या समोर ठेवला. हवेची झडप खाली वळविली. पूर्वी २७ वरही जी ऊब खाटेपर्यंत पोहोचत नव्हती, ती आता २३ वर पोहोचते.

गंमत अशी की, खोलीसाठीचा विजेवर चालणारा थर्मोस्टॅट १८८३ मध्ये एका अध्यापकानेच पेटंट केला. अमेरिकेतील व्हाइटवॉटर येथील वॉरेन जॉन्सन यांच्या महाविद्यालयात वर्ग किती तापला हे पाहायला शिपायाला वर्गात यावे लागे आणि मग खाली तळघरात जाऊन भट्टी कमी-जास्त करावी लागे. कुडकुडणारा एकीकडे, विस्तव दुसरीकडे. थर्मोस्टॅट जन्मला तो हे अंतर मिटविण्यासाठी. छताजवळच्या तापमापकाने आमच्या घरी तेच अंतर पुन्हा निर्माण केले होते.

म्हाताऱ्या माणसांची अडचण अशी की ती आकडा सांगत नाहीत. ‘काकडले’, ‘ऊब धरली’ असे सांगतात, आणि पुष्कळदा तेही सांगत नाहीत. आता पहाटे आई स्वतःच बटण दाबून एखादा अंश वाढवितात. सांगलीहून फोनवर विचारले की आकडा त्यांच्या लक्षात नसतो. “सोसवेल इतके आहे,” म्हणतात.