छपराखालच्या दोन मोटारी

सिल्वासा येथील आमच्या घरालगतच्या छपराखाली अनेक वर्षे दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या होत्या: वडिलांची प्रीमियर पद्मिनी आणि नंतर घेतलेली मारुती ८००. दोन वर्षांपूर्वी वडील निवर्तले, घराची वाटणी झाली आणि छपराखाली एकीपुरतीच जागा उरली. कोणती ठेवावी, हा प्रश्न आम्हां भावंडांपुढे आला.

आमचे सर्वांचे मन पद्मिनीकडे होते. इटलीच्या फियाटच्या आराखड्यावरून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही गाडी. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन पुढे, परंतु जोर मागच्या चाकांना. वजन जवळजवळ नऊशे किलो. गियरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला असल्यामुळे पुढच्या अखंड बाकावर तिघे बसत. रविवारी मिस्साला जाताना आम्ही आठजण तीत मावत असू. थंडीच्या सकाळी वडील चोक ओढून इंजिनाचा आवाज ऐकत, तेव्हा आम्ही मुले श्वास रोखून बसत असू. २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा तर आमची गाडी आम्हांला घरातील वडीलधारीच वाटू लागली.

मारुतीचे आम्हांला तेवढे अप्रूप नव्हते. तिची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि २०१४ साली तिची निर्मिती थांबली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जोर पुढच्या चाकांना, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. गल्लोगल्ली दिसणारी असली गाडी कोण जपून ठेवतो, असे आम्ही बोलून गेलो.

आई इतका वेळ तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, “मला कुणी विचारले का?”

आम्ही वरमलो. पद्मिनीच्या जड स्टिअरिंगला हात लावण्याचा धीर आईला कधी झाला नव्हता. तिची जागा नेहमी मागे, मुलांत. १९९४ साली मारुती आली आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आई गाडी चालविण्यास शिकली. १९९८ च्या पावसाळ्यात एका रात्री वडिलांच्या छातीत कळ आली. आम्ही सारे परगावी होतो. भर पावसात आईने एकटीने त्यांना वापीला नेले. त्यानंतर वडील पंचवीस वर्षे जगले.

“ती तुमच्या बाबांची गाडी,” आई म्हणाली, “ही माझी.”

वाचकहो, आम्ही दोन्ही गाड्यांची सिलिंडरे मोजली, वजने तोलली, वयेही पाहिली. परंतु कोणत्या गाडीने घरातील कोणाच्या हाती चाक दिले, हे मात्र हिशेबात धरले नव्हते.

पद्मिनी एका जुन्या मिस्त्रीने नेली. तो तिला जीव लावील, याबद्दल आम्हांला शंका नाही. मारुतीची नोंदणी आम्ही पुढील पाच वर्षांसाठी करून घेतली आहे. दृष्टी अधू झाल्यामुळे आई आता मागे बसते. किल्ली मात्र तिच्याच बटव्यात असते.