कंदिलापुरता उजेड

कर्जतला आज दिवसभर झड. उल्हास नदी दुथडी भरून वाहतेय. रात्री राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ (2018) हा चित्रपट पुन्हा पाहिला. पंकज कुमारांचा कॅमेरा कंदील दाखवेल तेवढंच दाखवतो. पुढे काळोख, आणि कान आपोआप टवकारतात. चित्रपटाचा नायक विनायक दोरावरून विहिरीत उतरतो तेव्हा जीव मुठीत धरावा लागतो. ‘हिटमॅन’सारख्या व्हिडिओ गेमना संगीत देणारे डॅनिश संगीतकार जेस्पर किड इथे घाई करत नाहीत. दचकवणं सोपं, असं ताटकळत ठेवणं फार अवघड. कर्जत-खालापूरच्या पावसात वाढलेल्या मला तो ओला अंधार अगदी ओळखीचा वाटतो. कितीतरी पावसाळे थांबून चित्रपटाच्या चमूने चित्रीकरण केलं, म्हणूनच तो अंधार खोटा वाटत नाही.