वटवाघळांचा डाव

सॉलिटेअर मला लागला तो साखर कारखान्याच्या काट्यावर, गाळप हंगामातल्या रात्रपाळीत. गव्हाण चालू असली की मान वर करायला उसंत नसे. गाडी काट्यावर, वजन, पावती, पुढची गाडी. पण मिलमध्ये कुठे काही अडकलं आणि गव्हाण थांबली, की यार्डातली रांग जागच्या जागी थबके. बैल खाली बसत, गाडीवान शेकोटी पेटवत आणि माझ्यासमोर विंडोज 98 चा संगणक तेवढा उरे.

या खेळात पत्त्यांची पाठ निवडता येत असे. बारा नमुने होते. मासे, फुलं, यंत्रमानव, ताडाचं झाड आणि त्यांच्यातच एक काळोखा किल्ला. तो निवडला की गठ्ठ्यावरच्या चित्रात किल्ल्याभोवतीची वटवाघळं पंख फडफडवत. मी कायम तोच लावला. वेस चेरी या तरुणानं मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न असताना हा खेळ लिहिला. 1990 साली विंडोज 3.0 बरोबर तो घरोघरी गेला. पत्त्यांची चित्रं सुझान केअर यांची. मॅकिंटॉशची सुरुवातीची चिन्हंही त्यांनीच काढलेली.

किल्ला मला नुसता शोभेपुरता आवडला नव्हता. सात ढिगांत 28 पानं पडतात, त्यातली सात उघडी आणि 21 उपडी. उरलेली 24 गठ्ठ्यात. म्हणजे डाव सुरू होताना बहुतेक पत्ते अंधारातच असतात आणि खेळायचं असतं ते त्या अंधाराशी. एक्के वर नेणं हे नंतरचं काम. आधी ज्या ढिगात जास्त उपडी पानं आहेत तो उपसायचा. हाताशी राजा नसेल तर जागा रिकामी करायची नाही. तीन-तीन पानांचा डाव असेल तर गठ्ठ्यातलं प्रत्येक तिसरंच पान हाती येतं. त्यातलं एक उचललं की पुढच्या फेरीत सगळा क्रम सरकतो आणि मघाशी दडलेली राणी अचानक वर येते. ती येण्याआधी दोन फेऱ्या वाट पाहायची तयारी लागते.

बीडकडचे एक वयस्कर गाडीवान पावतीला आले की खिडकीशी रेंगाळत. त्यांना बदाम सात पक्का येत होता, त्यामुळे चढउतार समजायला वेळ लागला नाही. काळ्यावर तांबडं ठेवायचं एवढं कळल्यावर ते म्हणाले, "सायेब, दश्शी हलवू नका. तिच्याखालचा गुलाम अडकल." मी थांबलो. दोन चालींनी इस्पिकची राणी उघडली आणि गुलाम दश्शीसकट तिच्यावर गेला. त्यांना माउस धरायचा नव्हता, त्यांना पाहायचं होतं. इतक्या एकाग्रतेनं हा खेळ पाहणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

प्रत्येक डाव सुटत नाही, हे या खेळातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. तीन पानांच्या डावात सगळी पानं आधीपासून दिसत असती, तर सुमारे 82 टक्के डाव सुटले असते, असं संगणकावर मोजलं गेलं आहे. आपल्याला ती दिसत नाहीत, म्हणून त्यातलेही कितीतरी हातचे जातात. 1946 साली आजारातून उठत असताना गणिती स्टॅनिस्लाव उलाम असाच एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत बसले होते. तो सुटण्याची शक्यता सूत्रानं काढणं अवघड, मग पुष्कळ डाव मांडून मोजावं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यातूनच माँटे कार्लो पद्धत निघाली. न दिसणाऱ्या पानांची ताकद एवढी आहे.

जुन्या सॉलिटेअरमध्ये फक्त शेवटची एक चाल मागे घेता येत असे. विस्टामध्ये खेळ नव्यानं बांधला गेला आणि त्या जुन्या पाठी गेल्या. आता फोनवर खेळताना हवी तेवढी पावलं मागे जाता येतं, सुटणारेच डाव मागता येतात, अडलं की पान स्वतः चमकून दाखवतं. एवढा उजेड केल्यावर खेळायला काही उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही खेळत असाल तर एवढं करून पाहा. सूचना बंद ठेवा, तीन पानांचा डाव लावा, सुटणाऱ्या डावांची हमी मागू नका. आणि पाठ निवडायची सोय असेल, तर सगळ्यांत काळी निवडा.